स्वस्त पॉटिंग मिक्स कडक उन्हाळ्याआधी असे सुधारा

उन्हाळी भाज्या किंवा फुलझाडे कुंड्यांत, ग्रो बॅगेत लावणार असाल, तर मिश्रण सुधारण्याचे काम लागवडीच्या तीन-चार आठवडे आधीच हाती घ्या. स्वस्त पॉटिंग मिक्सच्या पिशवीत बहुतेक वेळा पीट (दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेले शेवाळ) किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) बारीक चुरा, अर्धवट कुजलेली लाकडाची साल आणि थोडी वाळू असते. सौम्य हवेत त्यावर भागते. उष्ण, कोरड्या हवेत मात्र ते लवकर दबते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि एकदा पूर्ण वाळले की पाणी प्यायलाच तयार नसते. पीटचे तर हे हमखास होते. वरून ओतलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जाते. तळाच्या छिद्रातून पाणी आलेले पाहून आपल्याला वाटते की कुंडी भिजली, पण मुळांभोवतीचा गड्डा आतून कोरडाच असतो. रोप माना टाकते, मग खत कमी पडले असे समजून खत घातले जाते आणि कोरडी मुळे करपतात. म्हणून स्वस्त मिश्रणाला आधी पाणी धरायला लावायचे, खताचा विचार नंतर.

पिशवी फोडल्यावर सगळे मिश्रण साधारण 6 मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून काढा. वर राहिलेले सालीचे आणि लाकडाचे मोठे तुकडे फेकू नका, ते पुढे आच्छादनाला लागतील. हे तुकडे मिश्रणात राहिले तर त्यांना कुजवणारे जिवाणू आजूबाजूचे नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. पृष्ठभागावर पसरलेल्या तुकड्यांचा तसा त्रास जवळजवळ होत नाही. चाळलेल्या मालातही ताज्या भुशाचा वास आणि रंग दिसत असेल, तर दर दहा लिटरला मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि ढीग ओलसर ठेवून, अधूनमधून वरखाली करत कुजू द्या. वेळ हाताशी हवा तो यासाठीच.

आता प्रमाण. चाळलेले मिश्रण सहा घमेली, पूर्ण कुजलेले कंपोस्ट दोन घमेली, बागेतली चांगली पोयट्याची माती एक घमेले आणि भरड खनिज एक घमेले. भरड खनिज म्हणजे परलाइट (तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे), प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) किंवा विटांचा 3 ते 6 मिलिमीटरचा चुरा, धूळ चाळून काढलेला. बारीक वाळू चालणार नाही. ती पोकळ्या बुजवते आणि कुंडी उगाच जड करते.

कुंडीच्या मिश्रणांच्या पुष्कळ पाककृतींत परलाइट तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त सांगितलेले असते. पावसाळी, दमट हवेत ते ठीक आहे, कारण तिथे मुळे कुजण्याची भीती मोठी. कोरड्या उष्ण हवेत इतका निचरा केला तर दिवसातून तीनदा पाणी घालूनही झाड तहानलेले राहील. इथे मुळांना हवा मिळेल इतपतच भरड माल हवा. मातीचे एक घमेले मी आग्रहाने सांगतो, आणि त्यावर आक्षेप घेणारे बरेच भेटतात. कुंडीत नुसती माती भरली तर ती विटेसारखी आवळते, हे खरेच आहे. पण दहाव्या हिश्शाएवढ्या मातीतले चिकण कण वाळलेल्या पीटला पुन्हा पाणी प्यायला मदत करतात आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतात. रोगट झाडे निघालेल्या वाफ्यातली माती मात्र घेऊ नका.

कंपोस्टला आंबूस किंवा अमोनियाचा वास नको. ताजे शेण आणि कोंबडीखत कुंडीत मुळीच नको. गांडूळखत उत्तम, पण एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नका, कारण त्यात क्षार बऱ्यापैकी असू शकतात. विकतच्या खताबद्दल शंका असेल तर त्याचा थोडा भाग मिश्रणात घालून शेंगवर्गीय पिकाचे काही दाणे पेरा. तणनाशकाचा अंश राहिलेला असेल तर पाने वाकडी, चुरगळलेली निघतात.

कोकोपीट असेल तर ते आधी धुवा. त्यात सोडियम आणि पोटॅश राहिलेले असतात. भरपूर गोड्या पाण्यात भिजवून, निथळून, पुन्हा एकदा धुवा. चुना किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडी) सवयीने टाकू नका. पीटच्या आम्ल मिश्रणाला त्याचा उपयोग होतो, पण कोरड्या भागातले विहिरीचे पाणी बऱ्याचदा आधीच क्षारीय असते. मग सामू (pH) आणखी वर चढतो, लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या दाण्यांमध्ये, मी पैसे घालणार नाही. क्षारयुक्त पाण्यात ते फार कमी फुगते, आणि तसलेच पाणी वापरणाऱ्यांना त्याची भुरळ जास्त पडते. तेच पैसे चांगल्या कंपोस्टला लावा.

कुंड्या भरण्याआधी मिश्रण कोमट पाण्याने थोडेथोडे ओले करून रात्रभर झाकून ठेवा. मूठ आवळल्यावर एक-दोन थेंब निघावेत आणि बोटाने ढकलताच गोळा फुटावा, हा वाफसा. तळाशी खडी घालू नका. खडीने निचरा वाढत नाही. पाणी साचणारा थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरे. वरून चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि लागवडीनंतर तिथे मघाचे सालीचे तुकडे किंवा वाळले गवत पसरा. खोडाला ते टेकू देऊ नका.

आवरण असलेले, हळूहळू सुटणारे दाणेदार खत वापरत असाल तर पाकिटावरच्या महिन्यांवर विसंबू नका. तो कालावधी बहुधा 21 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानासाठी मोजलेला असतो. कुंडी तापली की खत बरेच लवकर सुटते. सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्यानेच सुरुवात करा, उरलेले नंतर द्या.

पाणी सकाळी, सावकाश आणि दोन टप्प्यांत द्या. पहिल्या पाण्याने पृष्ठभाग ओला होऊ द्या, दहा मिनिटांनी खालून थोडे निघेपर्यंत पुन्हा घाला. कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचले असे समजा, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा भरपूर पाणी सोडून ते तळातून धुऊन काढा. कुंडी पूर्ण वाळून कडेने सुटलीच, तर वरून पाणी ओतत बसू नका. ती टबात काठापर्यंत पाण्यात बसवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची मुळे मरतात, आणि त्यावर मिश्रणात काही उपाय नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, बाहेरच्या रांगेला गोणपाट किंवा फळी आडवी लावा. हंगाम संपल्यावर निरोगी झाडांचे मिश्रण मुळे काढून, पाण्याने धुऊन साठवा आणि पुढच्या लागवडीला त्यात तिसरा हिस्सा नवे कंपोस्ट व भरड माल घाला.