यानातली शिदोरी: विज्ञानकथेसाठी खरोखर खाता येईल असा शिधा

विज्ञानकथेतला, एकांकिकेतला किंवा खेळातला अंतराळवीर भूक लागली की खिशातून एक गोळी काढतो आणि दिवसभराचे जेवण उरकतो. आधी या गोळीचा हिशेब करू. माणसाला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात असे धरा. सर्वांत जास्त ऊर्जा तुपा-तेलात, ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे नुसते तूप प्यायले तरी दिवसाला २६७ ग्रॅम हवे. पाव किलोहून जास्त तूप कुठल्या गोळीत बसणार? तुमच्या विश्वात माणसाचे शरीरच बदललेले नसेल, तर गोळी सोडा आणि वडी करा.

वडीसाठी लांब जायची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचा करदंट हातात घेऊन बघा: तळलेला डिंक, गूळ, सुके खोबरे, सुकामेवा. नाव कन्नडमधून आले आहे, ‘करिद अंटु’ म्हणजे तळलेला डिंक. लहान तुकड्यात भरपूर ऊर्जा, पाणी अगदी कमी, आणि दिवसेंदिवस टिकणारा. यानात लागणारा शिधा याच वाटेने जातो.

प्रवासाला नेतो ते प्रत्येक खाणे मात्र यानात चालत नाही. कडक भाकरी टिकते, पण मोडताना तिचा भुगा उडतो. जमिनीवर भुगा ताटात पडतो, वजनरहित अवस्थेत तो हवेत तरंगतो आणि डोळ्यांत, नाकात, यंत्रांच्या फटीत शिरतो. १९६५ साली जेमिनी ३ यानात जॉन यंग यांनी लपवून नेलेले सँडविच याच कारणाने गाजले. चिरमुरे, भडंग आणि बेळगावचे मांडे यांचेही तेच. कुंदा भुगा करत नाही, पण तो खव्याचा, ओलसर, म्हणून टिकत नाही. दशमी मऊ असते, भुगा पडत नाही, दोन-तीन दिवस चांगली राहते. पहिल्या दोन दिवसांचे जेवण म्हणून कथेत दशमी खुशाल द्या, कारण प्रत्यक्षातही तसेच घडले आहे: १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोडोल्फो नेरी वेला यांनी अटलांटिस यानातून टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, नेल्या आणि तेव्हापासून अमेरिकी यानांत पावाची जागा टॉर्टियाने घेतली. टॉर्टिया आणि दशमी दिसायला चुलत बहिणीच.

आता मुख्य वडी. खालच्या मापात साधारण ५७५ ग्रॅमचा घाणा होतो आणि त्यात अंदाजे २७०० कॅलरी असतात. म्हणजे एक घाणा, एक माणूस, एक दिवस. कथेतला हिशेबही यावरच मांडता येतो: हजार दिवसांच्या प्रवासाला माणशी ५७५ किलो वड्या. कोठारात चार माणसांचे दोन टन तीनशे किलो ठेवायला जागा आहे का, ते लेखकाने आधी बघावे.

भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम
गूळ २२० ग्रॅम
ज्वारीच्या लाह्यांचे पीठ ६० ग्रॅम
किसून भाजलेले सुके खोबरे ५० ग्रॅम
तूप ४० ग्रॅम
डिंक २५ ग्रॅम
भाजलेले तीळ २५ ग्रॅम
सुंठपूड ३ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम

लाह्या नागपंचमीला घरात येतात तशाच घ्या, पण ताज्या. सादळलेल्या असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर परतून कुरकुरीत करा आणि मगच दळा. न फुटलेले दाणे चाळून काढा, नाहीतर वडीत खडा लागल्यासारखे होते.

शेंगदाणे निवडताना कंटाळा करू नका. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा प्रत्येक दाणा फेकून द्या. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष घरच्या भाजण्याने पुरते जात नाही. भाजून सोलल्यावर दोन भाग दाणे जाडसर कुटा आणि एक भाग मिक्सरमध्ये थांबून थांबून बारीक करा, तेल सुटून गोळा होऊ लागला की थांबा. हा तेलकट भाग वडी धरून ठेवतो. सगळेच जाडसर ठेवले तर कापताना दाणे निसटतात.

डिंक आदल्या दिवशी उन्हात ठेवा. शेंगदाण्याएवढे खडे करा आणि मध्यम तापलेल्या तुपात थोडे थोडे टाका. खडा लाहीसारखा फुलतो आणि पांढरा होतो. मोठा खडा बाहेरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटून बसतो. शंका आली तर एक खडा वाटीच्या बुडाने चिरडून बघा, आत चकाकणारा ठिपका दिसला की तो कच्चा आहे. तळून उरलेले तूप टाकायचे नाही, ते पाकात जाते.

सगळा खेळ पाकाचा आहे. चिरलेला गूळ ३० मिलिलीटर पाण्यात विरघळवा, गाळून घ्या (गुळातली कचकच यानातल्या माणसाला नको), उरलेले तूप घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पाच-सहा मिनिटांनी बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. थेंब पसरला तर कच्चा. बोटांत गोळी झाली आणि दाबल्यावर चपटी होऊन तशीच राहिली, की उतरवा. थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअस. गोळी ताटावर टाकल्यावर टण्ण वाजली तर पाक चिक्कीचा झाला. चिक्की खायला उत्तम, पण ती फुटते आणि फुटली की भुगा. तेव्हा चमचाभर पाणी घालून पाक पुन्हा मऊ करा. याच कारणाने चिक्कीचा गूळ इथे नको, साधाच घ्या.

गॅस बंद करून आधी सुंठ आणि मीठ, मग चुरलेला डिंक, मग बाकी सगळे घाला. मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या १८ सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये ओता आणि सपाट बुडाच्या वाटीने जोर लावून दाबा. जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास येते. हात इथे आखडला तर आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि वडी तिथेच तुटते. दहा मिनिटांनी तीन गुणिले चार अशा बारा वड्या आखून कापा, दोन तासांनी सुट्या करा. एक वडी सुमारे ४८ ग्रॅमची.

मग भुग्याची परीक्षा. काळे कापड पसरा, एक वडी डब्यात घालून वीसदा हलवा आणि डबा कापडावर उपडा करा. चार-पाच कण चालतील. कापड ठिपक्यांनी भरले तर पाक कडक झालाय किंवा दाबणे कमी पडलेय. अपोलोच्या काळात खाण्याच्या चौकोनी तुकड्यांना जिलेटिनचा थर देत. शाकाहारी घरात त्याची जागा डिंकच घेतो: १० ग्रॅम डिंक ३० मिलिलीटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून ब्रशने पातळ हात द्या आणि पंख्याखाली पाच-सहा तास वाळवा. दुसरा हात देऊ नका, वडी चिकट होते.

पावसाळ्यात हे काम न केलेले बरे. गूळ हवेतले पाणी ओढतो. खानापूरच्या बाजूला जुलैत उघडी ठेवलेली वडी दुसऱ्या दिवशी पाझरलेली दिसेल, तीच वडी अथणीकडे कोरड्या हवेत जास्त तग धरते. करायचेच असेल तर डिंकाचा हात टाळा आणि वड्या गार होताच, लगेच, सील करा. गरम वड्या मात्र कधीही सील करू नका. वाफ आत कोंडते, थेंब जमतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

वडीइतकीच चटणी महत्त्वाची. वजनरहित अवस्थेत अंगातले द्रव डोक्याकडे सरकतात, सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते आणि चव फिकी पडते. म्हणून अंतराळवीर झणझणीत मागतात. आपली शेंगदाण्याची चटणी अगदी योग्य, फक्त पूड चालणार नाही. अंतराळ स्थानकावर मीठ आणि मिरीसुद्धा द्रवरूपात देतात. ब्याडगी मिरची घालून केलेली हीच कोरडी चटणी १०० ग्रॅम आणि ४० मिलिलीटर शेंगदाणा तेल एकत्र वाटून मऊ लगदा करा आणि ट्यूबमध्ये किंवा तोटीच्या पाकिटात भरा. कच्चा लसूण घालू नका. तेलात बुडालेल्या ओल्या लसणात, हवा नसताना, बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासाने कळत नाही. पूर्ण कोरडी लसूणपूड वापरा, पाण्याचा हात लागू देऊ नका.

संकटकाळी सुटकेच्या कुपीत ठेवायचा शिधा वेगळा असतो, आणि विज्ञानकथेत बहुतेकांची चूक इथेच होते. तिथे पाणी मोजके असते. मीठ आणि प्रथिने जास्त झाली की ती लघवीवाटे बाहेर टाकायला शरीर जास्त पाणी खर्च करते. समुद्रावरच्या जीवरक्षक नौकांमध्ये माणशी किमान १०,००० किलोज्यूल, म्हणजे सुमारे २४०० कॅलरींचा शिधा आणि ३ लिटर पाणी ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तोच आधार धरा. कुपीतल्या वडीत मीठ आणि सुंठ नको, शेंगदाणे निम्म्यावर आणा, कमी झाले तेवढे खमंग भाजलेले गव्हाचे पीठ घाला. चटणी अजिबात नको.

लांबच्या प्रवासात वडीने भागत नाही. तिच्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नाही आणि काही महिन्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागेल. साठवणीत क आणि ब-१ ही जीवनसत्त्वे घटतातही. यानात काहीतरी पिकते असे दाखवा, निदान मेथीचा एक वाफा. शिवाय रोज तेच खाणारा माणूस हळूहळू कमी खातो, वजन उतरते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने भारतीय पदार्थ तयार करून दिले होते. ओळखीची चव हा शिध्याचा भागच आहे, ती चैन नव्हे.

बांधणीसाठी बटर पेपरची एक घडी आणि बाहेर अॅल्युमिनियमचा थर असलेले पाकीट घ्या. पारदर्शक प्लास्टिकमधून उजेड आणि हवा आत जाते आणि शेंगदाण्याचे तेल खवट होते. ऑक्सिजन शोषणारी पुडी घातलीत तर तीवर ‘खाऊ नये’ असे ठळक लिहा. कथेत वडी पाच वर्षे टिकू द्या, मंगळाच्या मोहिमांसाठी तेवढेच उद्दिष्ट ठेवले जाते. पण घरी केलेली वडी चार ते सहा आठवड्यांत संपवा. फोडताना पहिला वास घ्या. जुन्या रंगासारखा किंवा कडवट आला तर चाखूनही बघू नका.

पाकिटावर मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहा. बेळगावच्या या मुलखातून निघालेल्या यानात दोन्ही वाचणारे असणारच. घाण्याचा क्रमांक, केल्याची तारीख, वजन, कॅलरी आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: ‘यात शेंगदाणे आणि तीळ आहेत’. नाटकानंतर प्रेक्षकांत वड्या वाटणार असाल, तर हीच ओळ वाटण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.