कापड कडक करायचं, पण हवं तिथेच: खळ, थ्रीडी प्रिंटर, तुरटी आणि लेझर

जुन्या शर्टाची कॉलर उसवून बघा, आत बकरमचा, म्हणजे ताठ अस्तराच्या कापडाचा, तुकडा निघेल. कापड तेच, पण कॉलर उभी राहते आणि बाही लोंबते कारण शिंप्याने कडकपणा फक्त कॉलरीपुरता घातलाय. कापड कडक करायचं म्हणजे अख्खं पुठ्ठ्यासारखं करायचं असं बरेच जण धरून चालतात, मग ते चिरतं, घडी घालता येत नाही आणि कापड म्हणून त्यात काही उरतच नाही. खरी मजा कुठे कडक आणि कुठे मऊ हे ठरवण्यात आहे, आणि थ्रीडी प्रिंटर किंवा लेझर कटर हाताशी असला की हे बकरम कुठे बसणार ते आपण कॉम्प्युटरवर रेघ मारून मिलिमीटरमध्ये ठरवू शकतो.

आधी मोजायची सोय करा

ही पायरी गाळू नका, नाहीतर चार दिवसांनी कोणता नमुना कशाचा तेच कळत नाही. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापड संशोधन संस्थेतल्या पियर्सने १९३० साली मांडलेली पद्धत घरी सहज जमते. २.५ सेमी रुंद आणि २० सेमी लांब पट्टी कापायची, टेबलाच्या काठावरून हळूहळू पुढे सरकवायची, आणि काठापासून खाली ४१.५ अंशात उतरणारी रेघ पुठ्ठ्यावर आखून तो पुठ्ठा काठाच्या बाजूला उभा चिकटवायचा. पट्टीचं टोक वाकून त्या रेघेला टेकलं की थांबा, बाहेर आलेली लांबी मोजा आणि तिचं अर्ध करा, हा झाला तुमचा आकडा. जितका मोठा तितकं कापड ताठ. आधी कोऱ्या मांजरपाटाची पट्टी मोजून ठेवा म्हणजे पुढचं सगळं तिच्याशी ताडता येतं. एक गोष्ट डोक्यात असू द्या, जाडी दुप्पट झाली आणि थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तर ताठपणा साधारण आठपट होतो, म्हणून दोन थर नुसते शिवण्यापेक्षा पूर्ण चिकटवले तर इतका फरक पडतो.

खळ, मशीनशिवाय

दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवा, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ओता आणि पांढुरकेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळत राहा. साबुदाण्याची पेजही चालते. कोमट झाली की मांजरपाट बुडवा, पिळा, आणि प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पालथ्या पातेल्यावर ताणून वाळवा. कापड वाकतं ते धागे एकमेकांवरून सरकतात म्हणून, खळ त्या सांध्यांत जाऊन धागे जागच्या जागी धरून ठेवते. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते, मऊ पडते, बुरशीही येते, तेव्हा टिकाऊ हवं असेल तर फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं घ्या. खळ धुतली की जाते, म्हणून चुका करून शिकायला तीच बरी.

नेटवर थ्रीडी प्रिंट

इथून प्रिंटर लागतो. जवळच्या इंजिनीअरिंग किंवा डिझाइन कॉलेजात चौकशी करा, आणि फॅब लॅब, म्हणजे अशी मशीन वापरायला मिळणारी कार्यशाळा, असेल तर फारच छान. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालीच अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी ती एक.

नेट म्हणजे फ्रॉकच्या आत लावतात तसलं बारीक जाळीचं कापड घ्या. डिझाइनमध्ये सुटे षटकोन किंवा त्रिकोण ठेवा, मध्ये १ ते २ मिमी फट सोडा. प्रिंटरला पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक लावून ०.२ मिमीचे दोन थर छापून द्या, मग स्लायसरमध्ये, म्हणजे डिझाइनचे थर पाडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीच टाकलेल्या पॉजवर मशीन थांबेल, तेव्हा नेट वरून ताणून बेडला, म्हणजे ज्यावर प्रिंट होतं त्या सपाट पाटाला, बाइंडर क्लिपांनी पकडा आणि प्रिंट पुढे चालू करा. वरचं प्लॅस्टिक जाळीच्या भोकांतून खालच्याला जाऊन चिकटतं आणि नेट मध्ये कैद होतं, खेचून निघत नाही. क्लिप नोझलच्या, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोटीच्या, वाटेत येत नाहीत ना हे प्रिंट सुरू करायच्या आधी नोझल चारी कोपऱ्यांत फिरवून बघा. आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून या कापडावर इस्त्री नको आणि उन्हात बंद गाडीतही ठेवू नका.

ताणलेल्या लायक्रावर प्रिंट

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, कारण इथे सपाट प्रिंट आपणहून उठून बसतो. चारी बाजूंनी ताणलं जाणारं लायक्रा घ्या, त्यावर ताणायच्या आधी पेनने १० सेमीचा चौकोन काढा, मग प्रिंटरच्या बेडवर सगळीकडून सारखं ताणून क्लिपा लावा. चौकोनाची बाजू १४ सेमी झाली तर ४० टक्के ताण. हा आकडा लिहून ठेवा, कारण सगळा आकार यावरच ठरतो, आणि एका बाजूला जास्त ताण गेला तर तुकडा तिरका वळतो.

लायक्रा घट्ट विणीचं असल्यामुळे प्लॅस्टिक आरपार जात नाही, ते वरूनच चिकटवायचं असतं, म्हणून झेड ऑफसेट, म्हणजे नोझलची बेडपासूनची उंची, कापडाच्या जाडीपेक्षा किंचित कमी वाढवा, म्हणजे नोझल कापडात जरा दाबून छापेल. पहिला थर सावकाश, सेकंदाला १५-२० मिमी, नोझल २१० अंशांच्या जवळपास. पहिलं प्रिंट म्हणून फक्त एक वर्तुळाकार कडं छापा, १५ सेमी व्यासाचं, ३ मिमी रुंद, १ मिमीच्या आत जाडीचं. गार होऊ द्या, क्लिपा काढा, कड्याबाहेरचं कापड कापून टाका.

कापड आत आकसतं, कडं आकसू शकत नाही, मग ते सपाट राहूच शकत नाही आणि घोड्याच्या खोगिरासारखं दोन बाजूंनी वर आणि दोन बाजूंनी खाली वळतं. पहिल्यांदा हे हातात घेतलं की माणूस हरखून जातो. कडं जाड केलं तर वळणार नाही, फार बारीक केलं तर चुरगळेल, तेव्हा ०.४, ०.६, ०.८ मिमी असे तीन करून बघा. सुट्या पट्ट्या छापल्या तर त्या वाकतात, कापड नेहमी आतल्या बाजूला आणि प्लॅस्टिक बाहेर, हे लक्षात ठेवलं की लॅम्पशेडच्या पाकळ्या, टोपी, दप्तराचा खोलगट कप्पा काहीही आखता येतं.

तुरटीचे स्फटिक

१०० मिली गरम पाण्यात ३० ग्रॅम तुरटी विरघळवा, काच किंवा स्टीलच्या भांड्यात, ॲल्युमिनियम नको. त्यात लोकरीचा किंवा क्रोशाचा तुकडा तळाला न टेकता लोंबता ठेवा आणि रात्रभर अजिबात हलवू नका. जितकं सावकाश गार होईल तितके स्फटिक मोठे येतात. गुळगुळीत सिंथेटिकवर ते धरत नाहीत, लवदार कापड पाहिजे. वाळल्यावर पारदर्शक वॉर्निश मारा आणि कायम उष्णतेपासून लांब ठेवा. हे शोभेचं काम आहे, वापराचं नाही.

लाकूड आणि लेझर

अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लेझरवर त्रिकोणांत कापा आणि कापडावर इस्त्रीने चिकटणाऱ्या बकरमने बसवा, तुकड्यांत १ मिमी फट सोडून, नाहीतर घडी पडतच नाही. बर्लिनच्या एलिझा स्ट्रोझिक यांनी अशा लाकडी कापडातून गालिचे आणि पडदे केलेत. घडीचा नमुना हवा असेल तर जपानच्या कोर्यो मिउरांचा घ्या, १९९५ साली अंतराळात सोलर पॅनल उलगडायला वापरलेला, एका कोपऱ्याला ओढलं की सगळं उघडतं.

रेक्झिन मात्र लेझरखाली कधीच घालू नका. ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं, जळताना त्यातून विषारी ॲसिडचा धूर निघतो जो फुप्फुसाला घातक आहे आणि मशीनही गंजवतो. कापड कशाचं आहे दुकानदाराला सांगता आलं नाही तर ते घेऊच नका.

प्रत्येक पद्धतीची निदान एक तरी पट्टी कापून टेबलाच्या काठावर मोजा आणि तारीख, कापड, ताण, जाडी आणि आलेला आकडा तिच्यावरच मार्करने लिहून दोरीला टांगून ठेवा.