कल्पित भाषेतल्या वारांना नावं देताना

नवी भाषा रचणारे बहुतेकजण वारांची नावं शेवटी, घाईत उरकतात. सोमवार ते रविवार घ्यायचे आणि प्रत्येकापुढे नवा शब्द ठेवायचा. ही नावं ताबडतोब उघडी पडतात, कारण आठवडा मुळात का पाळला जातो हेच ठरलेलं नसतं. आधी ते ठरवा: बाजारासाठी, देवासाठी, ग्रहांसाठी की नुसत्या मोजणीसाठी?

उदाहरणाला खाडीकाठच्या मच्छीमारांची भाषा घेऊ. पहिला मोह भरतीवरून नावं देण्याचा होतो: उधाणवार, भांगवार. इथे गणित आडवं येतं. उधाण (सर्वांत मोठी भरती) अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भांग (सर्वांत कमी भरती) अष्टमीच्या आसपास. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, चार आठवडे मात्र 28 दिवसांचे. दर महिन्याला दीड दिवसाची तूट पडते. शिवाय उधाणानंतर साधारण सात दिवसांनी भांग येतं, म्हणजे पुढच्याच आठवड्यात तुमचा उधाणवार ऐन भांगात येतो. कोकणात म्हणूनच भरती तिथीवरून काढतात (तिथीची पाऊणपट, तितके वाजता भरती), वारावरून नाही. तुमच्या लोकांनाही दोन्ही मोजण्या द्या, किंवा नाव ठेवा आणि अर्थ विसरला गेलाय असं मान्य करा. दुसरा पर्याय जास्त खरा वाटतो.

ग्रहांवरून नावं द्यायची तर क्रम मनाने लावू नका. आपला क्रम होऱ्यांतून (होरा म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग) आला आहे. मंद गतीकडून शीघ्र गतीकडे ग्रह लिहा: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 होऱ्या एकेकाला वाटा; पहिल्या होरेचा ग्रह तोच वाराचा. 24 ला 7 ने भागून 3 उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरं पुढे जाते: शनीनंतर रवि, मग चंद्र, मग मंगळ. आता तुमचे लोक दिवस 60 घटिकांत मोजत असतील आणि घटिकाच ग्रहांना वाटत असतील तर बाकी 4 उरते आणि आठवडा उलटा चालतो: शनि, शुक्र, गुरु, बुध, मंगळ, सोम, रवि. 28 भाग केलेत तर बाकी शून्य, रोज तोच ग्रह. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. तो केल्याशिवाय नावं पक्की करू नका.

मोजणीवाली नावं सर्वांत सोपी, पण सलग सात आकडे कृत्रिम दिसतात. पोर्तुगीज पाहा, गोव्याला परकी नाही: सोमवार म्हणजे ‘सेगुंदा’, दुसरा, शुक्रवार ‘सेश्ता’, सहावा, शनिवार-रविवार मात्र साबादु आणि दोमिंगु. आकड्यांच्या रांगेत असे एक-दोन बेशिस्त वार हवेतच. आपल्या खाडीच्या भाषेत अशी नावं बाजाराच्या दिवसाला द्या, आणि मासळी न खाण्याच्या दिवसाला. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांत वाराची ओळख ताटावरूनच होते.

आता बांधणी. ‘दा’ म्हणजे दिवस धरा. कासु (बाजार), तुनो (दोन), मिरी (तीन), रेक (पाच), तुमो (सहा) यांना तो जोडा: कासुदा, तुनोदा, मिरीदा, रेकदा, तुमोदा. मग झिजवा. वार रोज तोंडात असतात, ते गुळगुळीत होतातच. कोकणीत सोमवारचा सोमार, बृहस्पतीचा बिरेस्तार झाला. मधला स्वर गाळा, घोष व्यंजनाआधी (ग, द, ब अशा) अघोष क, त, प आले तर त्यांचे ग, द, ब करा: मिर्दा, रेग्दा. हाच नियम भाषेत इतरत्रही लागला पाहिजे, फक्त वारांपुरता नको.

झिजवल्यावर तुनोदाचा तुन्दा होतो आणि तुमोदाचा तुम्दा. होडीतून किनाऱ्याला ओरडून सांगितलं तर दुसरा की सहावा, कळणार नाही. यातलं एक मूळ बदला, झीज नको. सहासाठी ‘पाशो’ घेतलात तर पाश्दा होतो. सातही नावांची आद्याक्षरं शक्यतो वेगळी ठेवा. मराठी कॅलेंडरात शुक्र आणि शनि एकाच ‘श’वर अडतात.

शेवटी पाच वाक्यं लिहून बघा: ‘येत्या मिर्दाला’, ‘दर कास्दाला’, ‘गेल्या रेग्दापासून’. विभक्ती लागताना जीभ अडखळली तर ‘दा’ बदला, कारण तो सातही नावांत येतो.