थीम पार्कच्या सहलीला कधी निघावं? गोव्यातल्या कुटुंबांसाठी

भिजायला, घसरगुंड्यांवर खेळायला गोव्यात वॉटर पार्क आहेत. मोठ्या रोलर कोस्टरसाठी मात्र राज्याबाहेरच जावं लागतं, आणि बहुतेक घरांतून बेत ठरतो तो खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा नाहीतर बेंगळुरूच्या वंडरलाचा. प्रवास, मुक्काम, चौघांची तिकिटं एवढा खर्च करून पार्कसाठी दिवस मिळतो एकच. तो रांगेत जाणार की राइडवर, हे तारीख ठरते तेव्हाच ठरून जातं. म्हणून हॉटेल नंतर, ऑफरही नंतर. आधी तारीख.

१. त्यांच्या शाळा कधी चालू आहेत ते बघा

पार्कमधली गर्दी आपल्या सुट्टीमुळे होत नाही. पार्क ज्या भागात आहे तिथल्या सुट्टीमुळे होते. इमॅजिका भरतं ते मुंबई-पुण्याच्या पोरांनी, वंडरला बेंगळुरू-म्हैसूरच्या. म्हणून आपल्याला सुट्टी आहे आणि त्यांच्या शाळा चालू आहेत, असे दिवस शोधायचे. गोव्यातल्यांना असे दिवस बऱ्यापैकी सापडतात. तरी सगळे मेच्या दुसऱ्या आठवड्यातच निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात चांगली संधी दिवाळीत असते. महाराष्ट्रातही शाळांना तेव्हाच सुट्टी असल्यामुळे इमॅजिकाचा विचार त्या दिवसांत नको. कर्नाटकात मात्र मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते. दिवाळीला नरक चतुर्दशी ते बलिप्रतिपदा असे मोजकेच दिवस. म्हणजे भाऊबीज झाली की तिथली मुलं वर्गात आणि आपली घरी. नरकासुर जाळून झाला, पोह्यांचे प्रकार खाऊन झाले, भाऊबीज आटोपली की निघा आणि वंडरलासाठी मंगळवार किंवा बुधवार ठेवा. तोपर्यंत बेंगळुरूचा पाऊसही ओसरत आलेला असतो. माझ्या मते गोव्यातल्या शाळकरी मुलांच्या घरासाठी वर्षातला हा सर्वांत उत्तम आठवडा. फक्त आपल्या शाळेची सुट्टी नेमकी कधीपर्यंत आहे ते आधी विचारून घ्या.

डिसेंबरात आणखी दोन तारखा आहेत: ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन. या सुट्ट्या फक्त आपल्या. मुंबई-पुण्याला तो कामाचा दिवस. वार सोयीचा आला तर एखादी रजा जोडून इमॅजिका मस्त होतं. एक काळजी घ्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली पार्कला येतात आणि त्या नेमक्या मधल्या वारीच येतात. पार्कला फोन करून "त्या दिवशी किती शाळा आहेत?" असं सरळ विचारा. नाताळ ते नवीन वर्ष हा काळ मात्र कुठल्याच पार्कसाठी धरू नका.

उन्हाळ्याचं गणित आता बदललं आहे. २०२५ पासून गोव्यात सहावीपासूनचे बरेच वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे परीक्षेनंतरचा मोकळा एप्रिल गेला आणि सगळा भार मेवर आला. मे महिन्यात महाराष्ट्र, कर्नाटक दोन्हीकडे सुट्टी. जायचंच असेल तर महिन्याचे शेवटचे दिवस बघा: कर्नाटकातल्या सरकारी अभ्यासक्रमाच्या शाळा मेच्या अखेरीस उघडतात, आपल्या त्यानंतर थोड्या दिवसांनी. हे चार दिवस बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाहीत.

सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा बेत असेल तर हाच मे उलट फायद्याचा. तिथल्या शाळांची वर्षाच्या मधली मोठी सुट्टी जूनमध्ये असते, म्हणून मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिथली मुलं शाळेत असतात. वर्षअखेरीला मात्र तिथे शाळाही बंद आणि पाऊसही जास्त.

२. मग तिथलं आभाळ बघा

वाळपईला पाऊस कोसळतोय म्हणून बेंगळुरूलाही कोसळत असेल, असं नाही. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. जून ते सप्टेंबर तिथे आपल्यासारखाच, कधी आपल्याहून जास्त पाऊस. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि आभाळ निवळेपर्यंत सगळे छपराखाली उभे. आतल्या राइड चालू राहतात, पण मग सगळी गर्दी तिकडेच वळते. पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. तिकीट काढण्याआधी नियम वाचा.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, घाटाच्या पलीकडे. जून-जुलैत तिथे ढगाळ, गार हवा आणि अधूनमधून सरी. खरा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, तोही बहुधा दुपारनंतर. एप्रिल-मेमध्येही दुपारी गडगडाटासह वळीव येतो. तेव्हा या महिन्यांत गेलात तर मोठ्या कोरड्या राइड सकाळीच उरकून घ्या.

थंडीचंही बघायला हवं. डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूची सकाळ चांगलीच गार असते आणि पाण्यातून बाहेर आलेलं लहान मूल दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं. पाण्याचाच सोस असलेल्या लहानग्यांना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. खोपोलीला तो त्रास नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे सुखाचा काळ.

आणि मेमधली दुपार म्हणजे काय, हे वॉटर पार्कमध्ये अनवाणी चालल्यावर कळतं. फरशी इतकी तापते की मुलं एका ओल्या जागेवरून दुसऱ्या ओल्या जागेवर उड्या मारत जातात. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांची अख्खी दुपार सावली शोधण्यात जाते.

३. घरातल्या माणसांची मोसमं तपासा

गोव्यात बऱ्याच घरांचं पोट पर्यटनावर. हॉटेल, टॅक्सी, शॅक चालवणाऱ्यांना ऑक्टोबर ते मे मान वर करायला सवड नसते, तेव्हा त्यांना नोव्हेंबरचा सल्ला देऊन उपयोग काय? त्यांनी जून-जुलैचं बेंगळुरू धरावं. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, दोन दिवस बुडतील; पण आई-बाबा दोघंही सोबत असण्याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे. सत्तरी-पेडण्यात ज्यांची काजूची बागायत आहे त्यांचीही मार्च ते मे सुटका नसते. त्यांनाही हेच लागू.

आखातात कुणी नातेवाईक असेल तर पावसाळ्यात दुबई हाही पर्याय. बाहेर ४० अंशांच्या वर ऊन असतं, पण २०१६ मध्ये सुरू झालेलं आयएमजी वर्ल्ड्स आणि अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड ही पार्क जवळजवळ पूर्ण छताखाली, वातानुकूलित आहेत.

चवथीची सुट्टी मोठी असते, दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरांना नंतर मोकळे दिवसही मिळतात. तरी तेव्हा इमॅजिका नको. कोकणातून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी गाड्या खचाखच भरलेल्या असतात, आणि पाऊस आहेच.

मुलांची उंची दाराच्या चौकटीला उभं करून आजच मोजा. मोठ्या रोलर कोस्टरना साधारण १२० ते १४० सेंटीमीटरची अट असते, प्रत्येक राइडची वेगळी. लेक दोन-तीन सेंटीमीटरने कमी पडत असेल तर सहल सहा महिने पुढे ढकला. ताई-दादा वर किंचाळताहेत आणि आपण खाली उभं, याने मूल फार हिरमुसतं.

४. जाण्या-येण्याचा मेळ घाला

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. बेंगळुरूसाठी वास्को-यशवंतपूर गाडी रोजची. इमॅजिकासाठी पनवेलला उतरून पुढे गाडी करायची. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे वेग कमी ठेवते, शिवाय दरड कोसळली तर गाडी रखडते. म्हणून त्या दिवसांत पोचल्याबरोबर पार्क ठेवू नका, मध्ये एक रात्र राहू द्या.

विमानाने जायचं तर लक्षात ठेवा की आपला ओघ पर्यटकांच्या उलटा आहे. ते येतात तेव्हा आपण निघायचं, ते परततात तेव्हा आपण यायचं. म्हणून नवीन वर्षाच्या लगेच नंतर गोव्यातून बाहेर पडू नका, तेव्हा सगळं विमान त्यांचंच असतं.

५. शेवटी वार आणि एक फोन

मंगळवार, बुधवार, गुरुवार. शनिवार-रविवारी तिकीटही बहुतेक ठिकाणी महाग. रांग टाळायचा जादा पैशांचा पास गर्दीच्या दिवशीच कामाचा, मधल्या वारी तो घेऊ नका.

मात्र निवांत दिवसांत पार्कवाले देखभालीची कामं काढतात. मुलाने वर्षभर ज्या राइडचे व्हिडिओ पाहिले तीच बंद निघाली, असं व्हायला नको. पैसे भरण्याआधी फोन करून त्या राइडचं नाव घेऊन विचारा: चालू आहे का, पाण्याचा विभाग किती वाजता उघडतो, गेट किती वाजता. पोहण्याचे नायलॉनचे कपडे घरूनच न्या. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत आणि तिथल्या दुकानात ते दामदुप्पट पडतात. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्यावर दाराजवळच्या राइड सोडून आधी सगळ्यात मोठ्या कोस्टरकडे चालू लागा.