डीपीवर हरकत कशी घ्यायची, म्हणजे ती सुनावणीत टिकेल

नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना, म्हणजे आपली डीपी, प्रसिद्ध झाली की दोन दिवसांत गावभर होतं, याच्या प्लॉटवर आरक्षण पडलं (म्हणजे ती जागा शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखली), त्याच्या गोठ्यातून रस्ता गेला, आणि तिसऱ्या दिवशी एक निवेदन फिरायला लागतं, शंभर सह्यांचं, "आमच्यावर अन्याय झाला आहे तरी सदर आरक्षण रद्द करावे". सही करायची तर करा, पण तेवढ्यावर बसून राहू नका. मी स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच हरकती लिहिल्यात, ज्या टिकल्या त्या सगळ्या एका जागेच्या, एका नंबरच्या, मोजमाप देऊन घेतलेल्या होत्या. मोघम निवेदनाने रस्ता हललेला मी एकदाही पाहिला नाही.

आधी मुदत बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकतीला ३० दिवस मिळतात आणि ते राजपत्रात सूचना आल्या दिवसापासून मोजायचे, तुम्ही पेपरात वाचलं किंवा ग्रुपवर आलं त्या दिवसापासून नाही. आणि "सातबारा माझ्या नावावर नाही, मी कशी हरकत घेऊ" हे डोक्यातून काढा, हरकत कोणीही घेऊ शकतं, भाडेकरूसुद्धा. मुलांच्या मैदानाचं आरक्षण उठत असेल तर तिथे तर मालक सोडून बाकीच्यांनीच बोलायला पाहिजे, मालक कशाला बोलेल.

मग नगरपरिषदेतून नकाशा आणि अहवाल दोन्ही घ्या, फी भरून प्रत मिळते. अहवालाशिवाय नुसता नकाशा आणू नका, कारण आरक्षणांचा तक्ता (नंबर, कशासाठी, कुठल्या गटातलं, किती क्षेत्र) अहवालात असतो आणि नकाशा आणि तक्ता जुळत नसेल तर ती स्वतःच एक भक्कम हरकत आहे. सोबत विद्यमान जमीन वापराचा नकाशाही बघून घ्या, त्यावर तुमचं उभं घर मोकळी जागा म्हणून दाखवलं असेल तर आरक्षण तिथे का पडलं याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आता खरी अवघड गोष्ट, आपली जागा नकाशावर नेमकी ओळखणं. लोक इथेच फसतात, मीही फसलो होतो.

आमची जागा गावठाणाच्या कडेला. मी सातबारा काढला, त्यावरचा गट नंबर लिहिला, दोन पानं भरून आजोबांपासूनचा इतिहास लिहिला आणि अर्ज दिला. त्या भागाचा सिटी सर्व्हे (शहरी भागाची वेगळी मोजणी, तिचे नंबरही वेगळे) केव्हाच झालेला होता, मिळकत पत्रिका (त्या नंबरचा जागेचा उतारा) उघडलेली होती, सातबारा तसाच शेजारी चालू राहिलेला, आणि डीपीच्या नकाशावर त्या पट्ट्यात सिटी सर्व्हे नंबर होते. सुनावणीत समोरच्या साहेबांनी शीट माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले दाखवा कुठे. मी बोट ठेवलं, ते बोटच चार प्लॉट झाकत होतं. पुढे सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अहवालात आमच्या हरकतीपुढे शेरा आला, सदर क्रमांक आरक्षणाने बाधित होत नाही. दोन पानं कुणी वाचली का नाही माहीत नाही, नंबर चुकला तिथेच सगळं संपलं. वडील त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून मी आधी नंबर जुळवतो मग पेन उचलतो.

तर असं करा. सातबारा, मिळकत पत्रिका, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, जे जे नंबर त्या जागेला कधी लागलेत ते सगळे एका कागदावर लिहा आणि अर्जात सगळे द्या, "गट नंबर अमुक, जुना सर्व्हे नंबर अमुक, सिटी सर्व्हे नंबर अमुक" असं एका ओळीत. भूमी अभिलेखमधून गट नकाशाची किंवा सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत घ्या. मग डीपीच्या शीटवर न हलणाऱ्या तीन खुणा शोधा, ओढा, रेल्वे लाइन, जुना पूल, देऊळ, तिठा, काहीही, पण तीन, आणि त्यावरून ट्रेसिंग पेपरवर आपली हद्द उतरवा. दोन खुणांवर भागवू नका, एक चुकली तर कळतच नाही.

आणि स्केल. हे कोणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो. समजा शीट १:५००० ची आहे, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. १२ मीटरचा डीपी रोड त्या कागदावर फक्त २.४ मिलिमीटर रुंद दिसतो, अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजेच अडीच मीटर झाली, तेवढ्यात तुमच्या घराची भिंत जाते किंवा राहते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची ए-फोर प्रिंट काढून त्यावर पट्टी लावू नका, झेरॉक्सवरही नाही, मशीन आकार कमी-जास्त करतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात मीटरची पट्टी छापलेली असेल तर आधी ती मोजा, तुमच्या प्रतीवर ती बरोबर येत असेल तरच पुढे चला. "पट्टीने बघितलं, आपलं घर वाचतंय" असं म्हणून गप्प बसलेली माणसं नंतर मोजणीच्या वेळी खुणेचा दगड ओसरीत बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरकारी मोजणी करून घेता आली तर उत्तमच, पण ती ३० दिवसांत हातात येईल या भरवशावर अर्ज अडवून ठेवू नका. मोजणीचा अर्ज भरा, त्याची पावती हरकतीला जोडा, नकाशा आला की सुनावणीत द्या.

हरकत लिहायची एका पानात. पहिल्या ओळीत सगळे नंबर आणि आरक्षणाचा किंवा रस्त्याचा नंबर, मग किती क्षेत्र बाधित होतंय ते चौरस मीटरमध्ये, मग कारण, मग पर्याय. कारण म्हणजे "गरीब शेतकरी आहे" नाही, ते खरं असलं तरी समितीला त्यावर काही लिहिता येत नाही. बांधकाम परवानगी घेऊन बांधलंय, जागा पुराच्या पाण्यात जाते, रस्ता पुढे जाऊन बंद होतो, याच कारणाचं दुसरं आरक्षण जवळच आहे, अशी कारणं चालतात. परवानगी, घरपट्टीची पावती, फोटो जोडा. पर्याय द्याच, पर्यायाशिवायची हरकत म्हणजे नुसती तक्रार. रस्ता बांधावर सरकवला तर दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा जाईल असं असेल तर तसं ट्रेसिंगवर काढून द्या, पण आधी बांधापलीकडच्या माणसाशी बोला, त्याला सुनावणीतच कळलं तर तुमचा पर्याय तोच पाडेल आणि भाऊबंदकी होईल ती वेगळीच. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" ही ओळ, चालू पत्ता आणि मोबाइल नंबर.

अर्ज नगरपरिषदेच्या आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घ्या. एजंटच्या हातात देऊ नका.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते, तिच्यात नगरपरिषदेचे सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले नियोजनातले जाणकारही. वेळ थोडा मिळतो, रांग मोठी असते. रंगवलेला नकाशा समोर ठेवा, जागा लाल, रस्ता निळा, पर्याय हिरवा, आणि त्याच क्रमाने बोला. घरातला एकच माणूस बोलू दे. जे बोललात ते लेखी देऊन त्याचीही पोच घ्या.

आणि इथे थांबू नका. समितीच्या अहवालानंतर नगरपरिषद योजनेत बदल करते, तुमच्या शेजाऱ्याची हरकत मान्य झाली म्हणून रस्ता सरकून तुमच्याकडे आलेला असू शकतो, म्हणून बदललेली योजना पुन्हा पहिल्यासारखीच ट्रेसिंग लावून बघा. पुढे योजना शासनाकडे मंजुरीला जाते, तिथे काही भाग मंजुरीतून वगळून त्यावर नव्याने हरकती घेतात, या वगळलेल्या भागांना ईपी नंबर असतो. मंजुरीची अधिसूचना आली की त्यातला तक्ता उघडा आणि आपले सगळे नंबर, गट, सर्व्हे, सिटी सर्व्हे, एकेक करून शोधा, ज्या नंबरने हरकत दिली तेवढाच शोधू नका.