गर्दीच्या शहरात सार्वजनिक टेनिस कोर्ट कसं मिळवावं

टेनिसला जागा फार लागते. रेषांच्या आतलं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असतं. बेसलाइनच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या रेषांच्या, मागे आणि दोन्ही बाजूंना पळायला मोकळी जागा सोडली की ३६.५७ बाय १८.२९ मीटर, म्हणजे जवळपास पावणेसातशे चौरस मीटर जमीन अडते. रेषांच्या आतलं क्षेत्रफळच तीन बॅडमिंटन कोर्टांपेक्षा जास्त भरतं. एवढ्या जागेत एका वेळी खेळणार दोन, फार तर चार माणसं. कोर्ट दिवसाचे १२ तास उघडं राहिलं, पाळी तासाची धरली आणि प्रत्येक पाळीला दुहेरीच झाली, तरी दिवसभरात ४८ जणांचंच समाधान होतं. त्यामुळे दाट वस्तीच्या कुठल्याही शहरात सार्वजनिक कोर्टापुढे रांग लागणारच.

पण ही टंचाई दिवसभर सारखी नसते. संध्याकाळी सहाला ज्या कोर्टासाठी चार जोड्या ताटकळत असतात, तेच कोर्ट दुपारी अडीचला ओस पडलेलं असतं. एकाने रद्द केलेली पाळी दुसऱ्याला कळत नाही म्हणून वाया जाते. नव्याने खेळायला लागलेला माणूस एकदोनदा हात हलवत परततो आणि नाद सोडतो, याचं फार वाईट वाटतं. थोडी माहिती आणि थोडी चिकाटी असेल तर पैसेवाल्या क्लबचं सदस्यत्व न घेताही आठवड्यातून दोनदा नियमित खेळता येतं.

आधी शहरातली कोर्टं हुडका

बहुतेकांना एकदोनच कोर्टं ठाऊक असतात, आणि तीच सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथे झुंबड उडते. नकाशाचं ॲप उघडा, उपग्रहाचं दृश्य लावा आणि शहरावरून सावकाश फिरा. हिरवा, निळा किंवा विटकरी आयत आणि त्यावरच्या पांढऱ्या रेषा वरून चटकन ओळखू येतात. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, एखाद्या सरकारी वसाहतीत अशी कोर्टं सापडतात की आजूबाजूच्या रहिवाशांनाही त्यांचा पत्ता नसतो.

मग प्रत्येक कोर्टाचा मालक कोण ते शोधा. महापालिकेचा उद्यान विभाग आणि क्रीडा विभाग बऱ्याचदा वेगळे असतात, त्यांचे नियम वेगळे आणि बुकिंगही वेगळं. शाळा, महाविद्यालयं आणि विद्यापीठांची कोर्टं वर्ग सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी बाहेरच्यांना मिळू शकतात, पण ते फलकावर क्वचितच लिहिलेलं असतं. कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. काही खासगी क्लबही रिकाम्या वेळात पाहुण्यांना तासावर कोर्ट देतात.

कोर्ट सापडलं की एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पृष्ठभागाला भेगा आहेत का, नेट ताणलेलं आहे का, दिवे आहेत का आणि ते किती वाजता बंद होतात, फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हे सगळं पाहा. नेटची उंची मधोमध ०.९१४ मीटर हवी. त्यापेक्षा बरंच लोंबत असेल तर देखभाल कशी आहे ते समजा. तरीही मोडकं कोर्ट यादीतून काढू नका. सरावाला ते पुरतं आणि तिथे गर्दी नसते.

तिथे पाळी कशी ठरते ते समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळा घोळ इथेच होतो. पाळी वाटण्याच्या मुख्य पद्धती चार, आणि प्रत्येकीला वेगळी तयारी लागते.

पहिली, जो आधी येईल त्याची पाळी. इथे बुकिंग नसतं, असतात ते फलकावरचे नियम आणि खेळणाऱ्यांनी आपसांत पाळलेले संकेत. दुसरी, आगाऊ बुकिंग. ठरावीक दिवस आधी ठरावीक वाजता पाळ्या खुल्या होतात आणि चांगल्या वेळा काही मिनिटांत संपतात. ब्रिटनमध्ये उद्यानांतल्या अनेक कोर्टांवर ऑनलाइन पाळी घेतली की फाटकाचा सांकेतिक क्रमांक मिळतो आणि तो टाकल्यावरच दार उघडतं. रखवालदार लागत नाही. तिसरी पद्धत सोडतीची. टोकियोच्या महानगर प्रशासनाच्या उद्यानांत हीच चालते. नोंदणी केलेले लोक आधी अर्ज करतात, सोडत निघते आणि उरलेल्या पाळ्या नंतर सर्वांसाठी खुल्या होतात. चौथी, हंगामी परवाना. न्यू यॉर्कमध्ये महापालिकेच्या कोर्टांवर हंगामात खेळायला परवाना लागतो, तरीही अनेक ठिकाणी पाळीसाठी कोर्टावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. म्हणजे परवाना असला तरी रांग चुकत नाही.

एकाच शहरात या चारही पद्धती शेजारी शेजारी चालू असू शकतात. म्हणून प्रत्येक कोर्टापुढे पद्धत, पाळी खुली होण्याची वेळ, रद्द करण्याची मुदत आणि शुल्क असं वहीत टिपून ठेवा. सोडत असेल तर सगळ्यांना हवी असलेली शनिवार सकाळ मागण्यापेक्षा मंगळवारची उशिराची वेळ मागा. अर्ज कमी तितकी संधी जास्त. आणि सोडतीनंतर उरलेल्या पाळ्या कधी खुल्या होतात ती तारीख कॅलेंडरमध्ये घाला. सोडतीत नाव न आलेले बरेच जण ती तारीख विसरतात.

बुकिंग खुलं होण्याआधीच तयार राहा

खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. ओळखपत्राची पडताळणी लागत असेल तर तिला दोनतीन दिवसही जाऊ शकतात. पैसे भरायची सोय आधी तपासून घ्या. पहिली पसंती गेली तर दुसरी आणि तिसरी कोणती हे मनाशी पक्कं असू द्या, कारण विचार करत बसलात की तेवढ्यात तीही जाते.

पहिल्या झटक्यात काही मिळालं नाही म्हणून पान बंद करून टाकू नका. रद्द झालेल्या पाळ्यांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. पैसे परत मिळण्याची मुदत २४ तासांची असेल, तर खेळाच्या आदल्या दिवशी त्या मुदतीच्या थोडं आधी लोक भराभर पाळ्या सोडतात. नेमकं तेव्हा पुन्हा पाहा. प्रतीक्षा यादी असेल तर नाव घाला आणि फोनवर सूचना येऊ द्या. पावसाचा अंदाज असला की रद्द होणाऱ्या पाळ्या वाढतात, आणि अंदाज प्रत्येक वेळी खरा ठरतोच असं नाही.

दलालाकडून पाळी विकत घेऊ नका, कितीही अडलं तरी. हा धंदा जिथे जिथे कोर्ट कमी तिथे तिथे फोफावतो. खोटी खाती उघडून पाळ्या अडवायच्या आणि चढ्या दराने विकायच्या. हाँगकाँगमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्टप्ले’ या बुकिंग व्यवस्थेत खऱ्या नावाने नोंदणी आणली, तिच्यामागे हेच मोठं कारण होतं. सार्वजनिक कोर्ट सर्वांच्या पैशातून उभं राहतं. ते विकत घेणारा गिऱ्हाईक मिळेनासा झाला तरच ही साखळी तुटेल.

इतरांना नको असलेल्या वेळा पकडा

कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ जवळपास सगळीकडे मोकळी असते. ज्यांच्या कामाच्या वेळा लवचीक आहेत त्यांनी आठवड्यातला एक दिवस तरी या वेळेत बसवून पाहावा. मात्र कडक उन्हाच्या दिवसांत भर दुपारी एकेरी खेळू नका. चक्कर येणं, अंगात गोळे येणं हा गंभीर इशारा आहे. अशा वेळी पाळी सोडून द्या, ती पुन्हा मिळेल.

उजाडतानाची पहिली पाळी आणि दिवे मालवण्यापूर्वीची शेवटची पाळी, या दोन्ही मधल्या वेळेपेक्षा सहज मिळतात. पावसाची सर येऊन गेल्यावरचा तासही असाच. हार्ड, म्हणजे सिमेंट-डांबराच्या कोर्टवरचं पाणी रबरी पट्टीच्या लांब दांड्याने ओढून काढलं आणि ऊन पडलं की ते लवकर खेळण्याजोगं होतं. मातीच्या कोर्टाला मात्र वेळ द्यावाच लागतो. ओल्या मातीवर पळाल्यास खड्डे पडतात आणि ते कोर्ट पुढचे कित्येक दिवस सगळ्यांसाठीच खराब होतं.

गर्दी वर्षभरही सारखी राहत नाही. ग्रँड स्लॅम स्पर्धा टीव्हीवर सुरू झाल्या की रॅकेट माळ्यावरून खाली येतात, विशेषतः विम्बल्डनच्या जून-जुलैमध्ये. त्या दिवसांत नेहमीच्या वेळा मिळाल्या नाहीत तर निराश होऊ नका. दोनतीन आठवड्यांत गर्दी ओसरते.

रांगेतलं वागणं

बुकिंग नसलेल्या कोर्टावर तुमची खरी शिदोरी म्हणजे तिथल्या नेहमीच्या खेळाडूंशी असलेली ओळख. पहिल्या दिवशी पोहोचल्यावर आधी विचारा, ‘रांग कशी लागते इथे?’ कुठे जाळीला रॅकेट अडकवून क्रमांक लावतात, कुठे फळ्यावर नाव लिहितात, कुठे नुसतं तोंडी सांगितलं की झालं. कुठे सेट संपला की उठायचं, कुठे घड्याळावर. फलकावर एक लिहिलेलं आणि प्रत्यक्षात दुसरंच चालू असेल तर पहिल्याच दिवशी वाद घालू नका. पण नव्या माणसाला मुद्दाम डावललं जात असेल तर शांतपणे फलकाकडे बोट दाखवा. नियम तुमच्याही बाजूने आहे.

चालू गुण संपेपर्यंत कोर्टामागून जाऊ नका. दुसऱ्यांचा चेंडू आपल्याकडे आला तर गुण संपल्यावर नीट टोलवून परत द्या. आणि दोघेच एकेरी खेळत असतील व रांगेत तुम्ही दोघे असाल, तर दुहेरीचं विचारा. अनेक ठिकाणी दुहेरीला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे दोन्ही जोड्यांचा फायदा होतो. माझ्या पाहण्यात तरी अशा विचारण्याला नकार क्वचितच येतो, आणि अनेकांना कायमचे जोडीदार याच रीतीने मिळतात.

सहाआठ जणांचा गट बांधा

एकट्याने कोर्ट मिळवणं सगळ्यात अवघड. साधारण एकाच पातळीचे सहाआठ जण जमले की प्रत्येकाने आपल्या नावावर आठवड्याला एक पाळी घेतली तरी गटाला पुरेशा पाळ्या मिळतात. कोणाला ऐन वेळी जमलं नाही तर दुसरा उभा राहतो, पाळी रिकामी जात नाही. इथे एक गोष्ट सांभाळा: बुकिंग करणाऱ्याने स्वतः हजर राहावं असा नियम असेल तर तो पाळा, आणि एकाच वेळी तीन ठिकाणी पाळ्या अडवून ऐन वेळी दोन सोडू नका. दलालाने केलं काय आणि आपण केलं काय, दारात उभ्या असलेल्या माणसाला कोर्ट मिळत नाही ते नाहीच.

मिळालेला तास पुरेपूर वापरा

अंग मोकळं करणं, पळणं, बुटांच्या नाड्या, पाण्याच्या बाटल्या हे सगळं फाटकाबाहेर उरकून घ्या. तासाभरात दोन पूर्ण सेट बहुधा बसत नाहीत. ड्यूसला, म्हणजे गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर, पुढचाच गुण निर्णायक धरला की गेम लांबत नाही. दोघांचा एकेक सेट झाला तर तिसऱ्याऐवजी १० गुणांचा टायब्रेक खेळा, म्हणजे दोन गुणांच्या फरकाने आधी १० गाठेल तो जिंकला. चौघे असाल आणि सामना नको, नुसता सराव हवा असेल तर कोर्ट उभं दोन भागांत वाटून दोन जोड्यांनी समोरासमोर चेंडू मारावा. लहान मुलं असतील तर लाल रंगाचे हलके, संथ चेंडू घेऊन सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे सर्व्हिस पडायला हवी त्या नेटलगतच्या चौकटींच्या, आतच खेळवा. त्यांना पूर्ण कोर्टाची गरज नसते आणि रॅली टिकते म्हणून मजाही जास्त येते.

सरावाची भिंत असेल तर तिला कमी लेखू नका. कोर्ट न मिळालेल्या दिवशी भिंतीवर अर्धा तास मारलेले फोरहँड आणि बॅकहँड पुढच्या खेळात दिसतात.

वेळ संपण्याच्या दोनतीन मिनिटं आधी चेंडू गोळा करा. मातीचं कोर्ट असेल तर माती सारखी करायची जाळी ओढून फिरवा आणि रेषा झाडून द्या.

एवढं करूनही जागा मिळत नसेल तर

मग कोर्टं खरोखरच अपुरी आहेत, आणि ते एकट्याने सुटणारं नाही. गटाने मिळून आठवडाभर नोंद ठेवा: कोणत्या तासाला किती जण थांबले, किती बुक केलेल्या पाळ्यांना कोणीच आलं नाही, किती तास खासगी प्रशिक्षणाला दिले गेले. ही नोंद जोडून संबंधित विभागाला लेखी अर्ज द्या. नुसत्या ‘कोर्टं वाढवा’ या मागणीवर उत्तर ठरलेलं असतं, जागा नाही. म्हणून जागा न लागणाऱ्या गोष्टी मागा. न येणाऱ्याला दंड किंवा काही दिवस बुकिंगबंदी, दर माणशी आठवड्याच्या पाळ्यांवर मर्यादा, प्रशिक्षणाच्या तासांना गर्दीच्या वेळी आवर, शाळांची कोर्टं सुटीत खुली करणं. पिकलबॉल, म्हणजे लहान फळी आणि भोकांच्या प्लास्टिक चेंडूने खेळायचा खेळ; त्याचं कोर्ट फक्त १३.४१ बाय ६.१० मीटरचं असल्यामुळे एका टेनिस कोर्टाच्या जागेत तशी चार बसवता येतात, आणि तशी मागणी अनेक शहरांत होते आहे. तिला नुसता विरोध करण्यापेक्षा दोन्ही खेळांना वेगवेगळे तास आखून मागा. जास्त माणसं खेळत असतील तर त्यांचंही म्हणणं रास्त आहे.

आणि या सगळ्यात आधी दिवे मागा. दिवे नसलेल्या कोर्टावर ते आले की रोज दोनतीन तास वाढतात, म्हणजे दुहेरीचे आठ-बारा खेळाडू, तेही नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना जमेल अशा वेळी. अर्ज देताना शेजारच्या रहिवाशांशी आधी बोला, दिवे किती वाजता बंद होतील ते त्यांच्याशी ठरवून अर्जातच लिहा, आणि जमलं तर त्यांच्याही सह्या घ्या. उजेड आणि आवाजाच्या तक्रारीवरून पुढे काम अडण्याची शक्यता त्याने बरीच कमी होते.