जुनी मर्सिडीज संस्थेला द्यायचीय? आधी हे बघा

साताऱ्यात एमएच ११ ची जुनी मर्सिडीज दारात धूळ खात पडली की जो तो म्हणतो देऊन टाक आश्रमाला, पण आधी त्यांना विचारा सर्व्हिसिंगचा खर्च झेपणारय का, नाहीतर दान कसलं, पांढरा हत्तीच की. द्यायचीच तर आरटीओच्या मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर दोघांच्या सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी अन् आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आणि आरसीवर नाव चढेपर्यंत चावी सोडू नका. फास्टॅग बंद करा, नाहीतर आनेवाडी टोलला पैसे तुमचेच कापणार. देणगीवरची आयकर सूट (८०जी) मात्र वस्तूवर मिळत नाही, त्यासाठी गाडी विकून चेक द्या, २,००० च्या वर रोख दिली तर तीपण गेली. अन् हो, सीटखालचा कंदी पेढ्याचा रिकामा बॉक्स तेवढा काढा!